डब्ल्यूडीएस-६: अर्ध्या ताकदीचं, तरी डब्ल्यूडीएम-२ पेक्षा जड

रुळकरी

शंटिंग, म्हणजे यार्डात डबे हलवण्या-जुळवण्याचं काम करणाऱ्या इंजिनांची माहिती म्हटली की अश्वशक्ती, चाकांची मांडणी आणि कारखान्याचं नाव एवढ्यावर गाडी थांबते. हे इंजिन असं का बनवलं, त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी ओळख. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग आणि ६ हा मॉडेलचा क्रमांक. वाराणसीच्या तेव्हाच्या डिझेल कारखान्यात १९७५ पासून बांधणी. आल्को या अमेरिकन कंपनीच्या २५१ जातीचं एका रांगेतल्या ६ सिलिंडरचं टर्बो इंजिन, आधी १,३५० आणि पुढच्या आवृत्त्यांत १,४०० अश्वशक्ती. सिलिंडरचा व्यास ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. कॅब एका टोकाला, पुढे लांबच लांब हूड, म्हणजे इंजिनावरचं झाकण. मांडणी को-को, म्हणजे तीन-तीन धुरांच्या दोन बोगी आणि प्रत्येक धुरीला स्वतंत्र मोटर. वजन १२६ टन, म्हणजे धुरीमागे २१ टन.

इंजिन नवीन नव्हतंच. मीटरगेजच्या वायडीएम-४ मध्ये तेच ६ सिलिंडरचं आल्को होतं. थोडक्यात, मीटरगेजचा पॉवरपॅक ब्रॉडगेजच्या जड सांगाड्यावर ठेवला.

आता कोडं. मेनलाईनच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन. डब्ल्यूडीएस-६ मध्ये सिलिंडर निम्म्याहून कमी, ताकद जवळपास निम्मी, आणि वजन १३ टनांनी जास्त. का?

नॉच_आठ

कारण शंटरला अश्वशक्ती लागत नाही, चिकटण लागते. चाक रुळावर घसरायच्या आत किती ओढ देता येते, ते धुरांवरच्या वजनावर ठरतं. कोरड्या रुळावर साधारण पाव भाग धरा.

डब्ल्यूडीएम-२: ११२.८ टनांचा पाव भाग, २८ टन ओढ.
डब्ल्यूडीएस-६: १२६ टनांचा पाव भाग, साडेएकतीस टन.

म्हणजे जागेवरून हलवायच्या कामात निम्म्या ताकदीचं इंजिन भारी पडतं. वेग वाढला की चित्र उलटतं. १,३५० अश्वशक्ती म्हणजे साधारण १,००० किलोवॉट. जनरेटर, मोटर, पंखे, काँप्रेसर यांचा वाटा वजा जाता चाकापर्यंत ८०० पोहोचतात असं धरू. साडेएकतीस टनांची पूर्ण ओढ या ताकदीवर ताशी ९-साडेनऊ किमीपर्यंतच टिकते. त्यापुढे वेग वाढेल तशी ओढ घटते. हाच हिशेब डब्ल्यूडीएम-२ ला लावला तर ती सीमा ताशी २० किमीच्या आसपास येते.

आपल्याकडे शंटिंगची सर्वसाधारण मर्यादाच ताशी १५ किमी, आणि स्फोटकं किंवा पेट्रोलियम असेल तर ८. मग २,६०० अश्वशक्तीचं इंजिन यार्डात घालून त्यातली अर्धी ताकद नुसती बसवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

सांधा१२

आकडेमोड आवडली. तोच हिशेब डब्ल्यूडीएस-४ ला लावून पाहिला, कारण माझा जीव त्या इंजिनावर. चित्तरंजनचं, डिझेल-हायड्रॉलिक, तीन धुरा दांड्यांनी जोडलेल्या, ६० टन, ४बी आवृत्तीत ७०० अश्वशक्ती. ओढ १५ टन. हायड्रॉलिकमध्ये तोटा थोडा जास्त, म्हणून चाकावर ३८५ किलोवॉट धरले. सीमा आली ताशी साडेनऊ किमी!

दोन वेगळे कारखाने, एकीकडे विजेचं ट्रान्समिशन, दुसरीकडे तेलाचं, आणि टनामागे अश्वशक्ती जवळपास सारखीच: एकाची पावणेअकरा, दुसऱ्याची पावणेबारा. यार्डाची गरज एकच असल्यावर वेगळं काय येणार म्हणा.

तुलनेला ब्रिटनचा क्लास ०८ घ्या. ३५० अश्वशक्ती, वजन ५० टनांच्या आत-बाहेर, कमाल वेग ताशी १५ मैल. १९५२ ते १९६२ मध्ये ९९६ बांधली. टनामागे जेमतेम ७ अश्वशक्ती. तिकडचे वॅगन हलके आणि रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगा, लहान होत्या, त्यामुळे भागलं.

मृदुला_दे

प्रश्न विचारते. डबे हलवायला १५ टन पुरत असतील तर एवढं मोठं डब्ल्यूडीएस-६ हवं कशाला?

नॉच_आठ

मृदुलाताई, काय हलवायचंय त्यावर आहे.

प्रवासी डब्यांचा रिकामा एलएचबी रेक: २२ डबे, सरासरी ४५ टन धरले तर ९९० टन. जागेवरून हलवायला टनामागे ५ किलो, म्हणजे ५ टन ओढ. त्यात १ ला ४०० चा चढ असेल तर आणखी अडीच टन. एकूण साडेसात. डब्ल्यूडीएस-४ आरामात करेल.

भरलेला बॉक्सएन (उघड्या मालवॅगनचा) रेक: ५८ वॅगन, प्रत्येकी ८१.२८ टन, एकूण ४,७१४ टन. सपाटीवर हलवायलाच १९ ते २४ टन. इथे डब्ल्यूडीएस-४ संपलं. १ ला ४०० चा चढ आला तर १२ टन अजून, म्हणजे ३१ ते ३५. इथे डब्ल्यूडीएस-६ पण संपलं.

स्थानक यार्डात चढ १ ला ४०० पेक्षा तीव्र नको आणि शक्यतो १ ला १,२०० च असावा असा जो दंडक आहे, त्याचं महत्त्व या आकड्यांत दिसतं. १ ला १,२०० वर चढापोटी फक्त ४ टन वाढतात. तेवढं हे इंजिन पेलतं.

पाऊस पडला किंवा रुळावर तेल, कोळशाची बारीक भुकटी असली की पाव भागाचा हिशेब विसरायचा. १५ टक्क्यांवर आलं तर १९ टन उरतात. मग वाळू, आणि कपलरच्या ढिलाईचा फायदा: आधी रेक थोडा दाबून घ्यायचा आणि मग हळू ओढायचं, म्हणजे वॅगन एकदम न हलता एकामागून एक हलतात. डब्यांच्या रेकला मात्र हा प्रयोग करू नये.

सांधा१२

चिकटणीबद्दल एक भर. को-को मध्ये प्रत्येक धुरी सुटी असते. ओढताना वजन मागच्या धुरांवर सरकतं आणि पुढची हलकी धुरी आधी घसरते. आल्कोच्या त्या तीन-मोटर बोगीत धुरांमधली अंतरं असमान आहेत आणि मोटरी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या नाहीत, त्यामुळे हे सरकणं आणखी वेडंवाकडं होतं. चाक घसरलेलं ओळखणारा व्हीलस्लिप रिले लागला की ताकद तोडली जाते, आणि नेमकी तेव्हाच गरज असते.

दांड्यांनी जोडलेल्या डब्ल्यूडीएस-४ मध्ये एक चाक एकटं घसरूच शकत नाही. घसरली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. टनाला टन तोलला तर ते जास्त ओढतं, असं माझं ठाम मत.

बफरलाईन

ठाम मत ठेवा, पण दांड्यांचा हप्ता पण सांगा की राव. तिन्ही धुरांची चाकं एकाच फेऱ्यांनी फिरणार, म्हणजे टायरचे (चाकावरच्या पोलादी कड्यांचे) व्यास जुळलेच पाहिजेत. एका जोडीचा टायर जास्त झिजला की ती जोडी सतत थोडी घसरत राहते, दांड्यांच्या बुशना मार बसतो, आणि मग टकटक ऐकू येते. एक चाक खराब झालं तरी तिन्ही जोड्या लेथवर. त्यात शंटिंगचं सततचं ब्रेकिंग. टायर तापून सैल होण्याची भीती, म्हणून टायर आणि चाक यांवर आडवी रंगाची खूण असते. ती सरकलेली दिसली की इंजिन बाजूला.

ट्रान्समिशनचं वेगळंच. सुरीचं ट्रान्समिशन, एम. एम. सुरी यांच्या नावाचं: सुरुवातीला टॉर्क कन्व्हर्टर, वेग आला की कपलिंग. कन्व्हर्टरमध्ये जड रेक लावून इंजिन गुरगुरवत उभं ठेवलं, की सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. दिशा आणि शंटिंग-मेनलाईन गिअर, दोन्ही पूर्ण उभं असतानाच बदलायचं. दातावर दात आला तर गिअर बसत नाही, इंजिन किंचित हलवून परत प्रयत्न. घाईत चालू गाडीत लिव्हर ओढला तर दात जातात, आणि तो खर्च मोठा.

डब्ल्यूडीएस-६ मध्ये रिव्हर्सर म्हणजे शेवटी फक्त विजेचे संपर्क. दिशा दिवसातून शेकडो वेळा बदलायची असेल तर मला वीजच बरी वाटते.

सांधा१२

मान्य. मोटर जळण्याबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प बसलात तेवढं सोडून :)

बफरलाईन

तेही लिहितो. गाडी हलत नाही म्हणून नॉच (ताकदीच्या हँडलची पायरी) वाढवत नेला आणि चाकं जागच्या जागी राहिली, तर डीसी मोटरच्या कम्युटेटरच्या (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) त्याच चार-सहा पट्ट्यांवर पूर्ण प्रवाह जातो. तिथे तांबं तापतं, उंचवटा येतो. पुढे त्याच उंचवट्यावर ब्रश उड्या मारतात आणि एक दिवस फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगीचा भडका, होऊन ग्राउंड रिले (वीज सांगाड्यात उतरली की ताकद तोडणारा) पडतो. लोकांना वाटतं रिले खराब. तो रिसेट करून रेटायचा नाही. परत पडला तर मोटरी एकेक करून बाद करत दोषी शोधायची.

साधा नियम: नॉच दिला, अँपिअर चढले, तरी काही सेकंदांत गाडी हलली नाही, तर नॉच काढा. रेकमधला कुठला तरी ब्रेक अडकलेला आहे किंवा एखाद्या वॅगनचा हँडब्रेक लागलेला आहे.

दुसरी दुखरी जागा म्हणजे जुन्या पद्धतीचे सस्पेन्शन बेअरिंग. मोटर अर्धी धुरीवर लटकते आणि त्या जागी तेलात भिजलेल्या पॅडमधून वंगण वर चढतं. मंद वेग, सतत दिशाबदल, त्यामुळे तेलाचा थर नीट बसतच नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या यार्डातून गेलं की बेअरिंगच्या तेलाच्या वाटीत पाणी शिरतं, तळाशी पाणी आणि वर तेल. झाकण उघडून खालचा नमुना काढून बघावा, नुसती पातळी बघून समाधान मानू नये.

मृदुला_दे

धन्यवाद, हे सगळं नवीन आहे. अजून एक: शंटर तासन्‌तास नुसता सुरू का असतो? बंद का करत नाहीत?

काळाधूर

हा माझा आवडता विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

बंद न करण्यामागची कारणं खरी आहेत. बॅटरी हे पहिलं. आल्कोमध्ये ८ व्होल्टच्या ८ शिसे-आम्ल बॅटऱ्या एका ओळीत, म्हणजे ६४ व्होल्ट. डीसी जनरेटरवाल्या आवृत्तीत मुख्य जनरेटरलाच मोटरसारखं फिरवून इंजिन सुरू करतात. बॅटरी जरा कमजोर असली की बंद केलेलं इंजिन परत सुरू होईल याची खात्री नाही. दुसरं, हवा. इंजिन बंद म्हणजे काँप्रेसर बंद, आणि जुन्या पायपिंगमधून हवा गळत राहते. मेन रिझर्व्हायरचा, म्हणजे हवेच्या मुख्य टाकीचा, दाब ८ ते १० किलोच्या पट्ट्यात लागतो. तो खाली गेला की ब्रेक भरवशाचे नाहीत.

तिसरं कारण, सुरू करणं हे बटण दाबण्याइतकं सोपं नाही. बराच वेळ थंड पडलेल्या इंजिनाचा क्रम साधारण असा: वंगण, पाणी, गव्हर्नरचं तेल, डिझेल यांची पातळी बघायची. डिकॉम्प्रेशन प्लग (सिलिंडरच्या भोकांची बुचं) काढून इंजिन हाताने फिरवायचं. कुठल्या भोकातून पाणी किंवा तेल आलं तर तिथेच थांबायचं. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असताना बॅटरीने फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळं कोरडं असेल तर प्लग बसवा, बॅटरीचा चाकू-स्विच लावा, ब्रेकर लावा, फ्युएल पंप चालू करून डिझेलचा दाब येऊ द्या. मग स्टार्ट बटण, आणि वंगणाचा दाब येईपर्यंत दाबून धरायचं. वेळेत पेटलं नाही तर सोडा, बॅटरीला श्वास घेऊ द्या. सुरू झाल्यावर पाणी गरम होईपर्यंत लोड नाही.

एवढं सगळं दर अर्ध्या तासाला कोण करणार? म्हणून चालू ठेवतात. आणि त्यात इंजिनाची वाट लागते.

आल्कोचा टर्बो फक्त एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं संथ सुरू असताना, एक्झॉस्ट थंड आणि थोडा, टर्बो मंद, हवेचा दाब जवळजवळ शून्य. टर्बोच्या सीलमागे हवेचा दाब नसला की वंगण आत-बाहेर झिरपतं. सिलिंडर थंड असल्यामुळे डिझेल पूर्ण जळत नाही, नोझलच्या टोकावर कार्बन धरतो, फवारा बिघडून थेंब पडायला लागतात. ते थेंब लायनरवरून खाली उतरून वंगणात मिसळतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ओलसर काजळीचा थर साचतो.

मग कुणीतरी एकदम वरचा नॉच मारतो. डिझेल लगेच वाढतं, टर्बो मागे राहतो, आणि आल्कोचा तो प्रसिद्ध काळा लोट. फोटोवाले खूश. पण त्याच वेळी मॅनिफोल्डमधली काजळी पेटून चिमणीतून ठिणग्या उडतात. बाजूला सुकं गवत किंवा इंधनाची सायडिंग असेल तर हे गमतीचं नाही.

उपाय साधे आहेत, पाळले जात नाहीत. बराच वेळ आयडल झाल्यावर नॉच एकेक पायरी, मधे थांबत. शेडमध्ये आल्यावर लोडबॉक्सवर (उभ्या इंजिनाला विजेचा भार देणाऱ्या साधनावर) वरच्या नॉचला काही काळ चालवून कार्बन जाळून टाकायचा. आणि वंगणाचा नमुना प्रयोगशाळेत: डिझेल मिसळलं असेल तर दाटपणा आणि फ्लॅश पॉइंट दोन्ही घसरतात. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर कुणी तेल ओतलं असेल असं समजू नये, डिझेल किंवा पाणी शिरतंय.

डिझेलचंही बघा. मेनलाईनच्या १६ सिलिंडरच्या आल्कोला आयडलला तासाला २५ लिटरच्या आसपास लागतात, म्हणून तर पुढे छोटं सहायक इंजिन बसवायची कल्पना आली. ते बॅटरी आणि हवा तेवढी सांभाळतं, ३ लिटरमध्ये. ६ सिलिंडरला मूळ आकडा कमी असला तरी शंटर दिवसाचे बहुतेक तास उभाच असतो.

रुळकरी

काळाधूर, हे वेगळ्या धाग्याच्या लायकीचं आहे. यात शंटरचा देखभालीचा हिशेब किलोमीटरवर करून उपयोग नाही हेही आलं. किलोमीटर नगण्य, पण इंजिनाचे तास आणि ब्रेकचे फेरे प्रचंड. तारखेवर आणि तासांवरच शेड्यूल धरावं लागतं.

ब्रेकवर कोण लिहितंय?

नॉच_आठ

लिहितो. दोन हँडल. ए-९ पूर्ण गाडीचा, ब्रेक पाइपमधून. एसए-९ फक्त इंजिनाचा. यार्डात बऱ्याचदा पाइप जोडलेला नसतो, म्हणजे मागचं सगळं वजन इंजिनाच्या ब्रेकवर.

ब्रेकचं बळ इंजिनाच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढं आणि गाडीचा स्वतःचा अडथळा टनामागे २ किलो धरून ताशी १५ किमी वेगावरून थांबायचं अंतर, सपाटीवर:

डब्ल्यूडीएस-६ आणि ९९० टनांचा रिकामा रेक: ७० मीटर.
डब्ल्यूडीएस-४ आणि तोच रेक: ११५ मीटर.
डब्ल्यूडीएस-६ आणि ४,७१४ टनांचा भरलेला रेक: १९५ मीटर.

यात ब्रेक लागायला जाणारा वेळ धरलेलाच नाही. मृदुलाताईंच्या आधीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे: ओढायला १५ टन पुरतात, पण थांबवायला वजन लागतं. पाइप जोडायला जी चार-पाच मिनिटं जातात ती वाचवण्याच्या नादात बफर स्टॉप तुटतात.

सांधा१२

ब्रेकवरून आठवलं. "इंजिन नॉच घेत नाही" ही यार्डातली सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि दर वेळी फिटरला बोलावतात. आधी हे बघा: इंजिन कंट्रोल स्विच आयडलवरच राहिलाय का, जनरेटर फील्डचा स्विच पडलाय का, रिव्हर्सर पूर्ण बसलाय का, ग्राउंड रिले. मग पीसीएस: ब्रेक पाइपचा दाब पडला की हा स्विच ताकद तोडतो. इंजिन सुटं केल्यावर पाइपच्या टोकाचा अँगल कॉक (झडप) उघडा राहिला तर पाइपात ५ किलो भरणारच नाहीत आणि नॉच कितीही द्या, इंजिन ढिम्म. दोन्ही टोकांचे कॉक हाताने बघायचे, लांबून अंदाज नको.

बफरलाईन

कॅबबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. एका टोकाला कॅब आणि पुढे लांब हूड, त्यामुळे हूडच्या बाजूने जाताना चालकाच्या विरुद्ध अंगाचं जवळजवळ काहीच दिसत नाही. वळणावर तर पॉइंट्समन दिसेनासा होतो. म्हणून वॉकीटॉकी असली तरी नियम एकच ठेवावा: माणूस दिसेना किंवा आवाज तुटला की थांबा. "चालू द्या" ऐकून दहा सेकंद झाली आणि पुढचं काही आलं नाही, तर तेही तुटणंच. इंजिन जोडायच्या आधी डब्यांपासून थोडं लांब पूर्ण थांबा, आणि मग चालण्याच्या वेगाने.

मध्यभागी उंच कॅब असती तर? लांब ६ सिलिंडर रांगेत, त्याला जोडून जनरेटर, मग रेडिएटर. हे सगळं एका सरळ रेषेत येतं, मध्ये कॅब घालायला जागाच उरत नाही.

मृदुला_दे

आता सगळीकडे वर तारा आल्या आहेत. मग यांचं काम संपलं का?

रुळकरी

मेनलाईनवर तारा असल्या तरी यार्डाच्या प्रत्येक फांदीवर नसतात. कोळसा वरून भरतात, क्रेन किंवा पोकलेन चालते, तिथे डोक्यावर २५,००० व्होल्टची तार चालत नाही. गुड्स शेड, वर्कशॉप, वीज केंद्रांच्या आणि पोलाद कारखान्यांच्या सायडिंग, अपघात झाल्यावर तार तुटलेली जागा. तिथे डिझेलच लागतं.

स्पर्धा वेगळीकडून येते. मेनलाईनवरून मोकळी झालेली डब्ल्यूडीएम-३ए सारखी इंजिनं फुकटात मिळाल्यासारखी यार्डात उतरतात. वर मांडलेल्या हिशेबाने ती चुकीची इंजिनं आहेत, पण ती हातात आहेत.

काळाधूर

आणि सुट्या भागांचं बघावं लागेल. डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षं, सुरुवातीची इंजिनं केव्हाच त्यापलीकडे गेली. नंतर बांधलेल्यांना हेड, लायनर, पिस्टन, फ्युएल पंप मिळत राहतील, कारण २५१ कुटुंबात हे भाग बऱ्याच अंशी सामाईक आहेत. अडचण क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि ब्लॉकची. ते ६ सिलिंडरचे वेगळे, १६ सिलिंडरवाल्याचे बसत नाहीत. मीटरगेज बंद होत गेलं तसे वायडीएम-४ मधून निघालेले हे भाग जिथे जपून ठेवले असतील, त्या शेडची डब्ल्यूडीएस-६ जास्त दिवस चालतील. जपताना एकच: क्रँकशाफ्ट आडवा, पुरेशा आधारांवर आणि जर्नलना गंजरोधक लावून. दोन टोकांवर टेकवून वर्षानुवर्षं ठेवलेला शाफ्ट वाकलेला निघतो.